रॉबिन हूड, कांदाभजी आणि चुकीच्या जागी पडलेलं इंटरव्हल

नाशिकला गंगापूर रोडवर, सोमेश्वरच्या थोडं अलीकडे, एका कॅफेच्या गच्चीवर रविवारी संध्याकाळी जुने पिक्चर दाखवायला लागलेत. तिकीट २५० रुपये, त्यात एक चहा आणि एक प्लेट कांदाभजी. कॅफेचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रार आहे आणि चालवणारी पोरं नवीन आहेत, मनापासून करतायत, उगाच कशाला त्यांच्या पोटावर पाय. परवा 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' होता, १९३८ चा, एरॉल फ्लिन रॉबिन झालाय तो, आणि मी माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याला घेऊन गेले होते कारण त्याला सध्या तलवारीचं वेड लागलंय आणि घरातली एकही छत्री धड राहिलेली नाही.

आधी व्यवस्थेचं सांगते. पावणेसातचा शो सव्वासातला सुरू झाला, ते आपल्याकडे चालतं. थंडी मात्र सॉलिड होती, स्वेटर, कानटोपी, सगळं घालून जा, गच्चीवर आडोसा काही नाही. पडदा म्हणजे उलटा टांगलेला फ्लेक्स, पण रंग काय दिसत होते म्हणून सांगू. तेव्हाचं टेक्निकलर, म्हणजे रंगीत पिक्चर काढायचं तंत्र, असं की एकाच कॅमेऱ्यात तीन निगेटिव्ह फिरायच्या, आणि रंग हाताला लागल्याचा आनंद त्या लोकांना लपवताच आलेला नाही, रॉबिनचा हिरवा, दरबारातला लाल, नायिका मॅरियनचे झगझगीत झगे, येवल्याला पैठणीच्या दुकानात दहा साड्या एकदम उलगडल्यासारखं. सबटायटल मात्र कठड्यावरच्या कोरफडीच्या कुंड्यांच्या मागे, त्यामुळे मी भाच्याच्या कानात अख्ख्या पिक्चरची कॉमेंट्री केली आणि पुढच्या काकांनी दोनदा मागे वळून बघितलं. स्पीकर एकच, आणि खरखरणारा. हे जास्त लागलं, कारण ह्या पिक्चरला एरिच कॉर्नगोल्डचं संगीत आहे, ऑस्कर मिळालेलं. हा व्हिएन्नाचा माणूस, ह्याच कामासाठी अमेरिकेत होता तेव्हा मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळलं, तो ज्यू, त्यामुळे ह्या पिक्चरने माझा जीव वाचवला असं तो म्हणायचा. असलं संगीत खरखरीत ऐकायचं म्हणजे... असो.

खरी तक्रार इंटरव्हलची.

पिक्चर १०२ मिनिटांचा, मुळात इंटरव्हल नाहीच. पण भजी विकायची म्हणजे कुठेतरी थांबवणं आलं, मान्य. तर झालं काय, रॉबिनची माणसं झाडांवरून वेलींना लोंबकळत धडाधड खाली उतरतात, सर गायचा (Guy, दुष्ट प्रिन्स जॉनचा सरदार) सगळा खजिना पकडतात, मग जंगलात मोठी पंगत बसते, गाय आणि शेरीफ (तिथला फौजदार) दोघांचे भारी कपडे उतरवून त्यांना चिंध्या घातलेल्या, आणि मॅरियनबाईंचं नाक अजून वरच. रॉबिन तिला म्हणतो चल, तुला काहीतरी दाखवायचंय. ती उठते. आणि टप्. लाइट लागले. 'ताई, भजी गरम आहेत, या पटकन, गार होतील.'

आता ज्यांनी पिक्चर पाहिलाय त्यांना कळेल मला का एवढं झोंबलं. पुढची दोन मिनिटं म्हणजे अख्ख्या गोष्टीची बिजागरी आहे. तिथेच दरवाजा तोडला ह्यांनी.

भजी खाता खाता भाच्याने विचारलं, 'मावशी, हा घाबरणार कधी?' मी म्हटलं, 'अरे, हा नाही घाबरत, शेवटपर्यंत.' तर म्हणे, 'मग मज्जा काय?' आता मी हौशी नाटकवाली, एकांकिकांच्या तालमींमध्ये पंधरा वर्षं गेली, आणि आमच्याकडे प्रत्येक परीक्षक एकच वाक्य टाकतो की नायकात बदल दिसला पाहिजे. इथे तर रॉबिन पहिल्या सीनला जसा हसतोय तसाच शेवटच्या सीनला हसतोय, त्याच्यात काडीचा बदल नाही, फाशीच्या दोराखाली उभा असतानाही चेहऱ्यावर तोच मिश्कीलपणा, आणि तरी पिक्चर कुठे पडत नाही. का नाही पडत, ह्याचं उत्तर मला घरी जाताना रिक्षात मिळालं. बदलते ती मॅरियन. तलवारी त्याच्या हातात आहेत पण गोष्ट तिची आहे.

बघा कसं. इंग्लंडचा राजा रिचर्ड क्रूसेडवर, म्हणजे धर्मयुद्धावर गेलेला, परत येताना ऑस्ट्रियाच्या लिओपोल्डने त्याला पकडलेला, आणि इकडे भाऊ प्रिन्स जॉन त्याच्या खंडणीच्या नावाखाली सॅक्सन लोकांची, म्हणजे तिथल्या जुन्या रहिवाशांची, कातडी सोलतोय आणि पैसा स्वतःच्या घशात घालतोय. मॅरियन नॉर्मन, म्हणजे राज्य करणाऱ्यांतली, राजाच्या छत्राखाली वाढलेली, तिच्या लेखी रॉबिन म्हणजे दरोडेखोर. दरबारात पहिल्यांदा तो येतो तेव्हा ती त्याच्याकडे चपलेला काय लागलं बघावं तसं बघते. मग जंगलात ती पंगत, आणि पंगतीच्या पलीकडे ज्यांना जॉनच्या माणसांनी मारलं, लुटलं, घराबाहेर काढलं ती माणसं, रॉबिनकडे आसऱ्याला आलेली. ती बघते. काही मोठं भाषण नाही. तिचा चेहरा बदलतो (मॅरियन झालेली ऑलिव्हिया डी हॅविलंड काय दिसते आणि काय करते, तिने आणि फ्लिनने एकत्र आठ पिक्चर केले ते उगाच नाही) आणि तिथून पुढे ती जॉनच्या वाड्यात राहूनसुद्धा त्यांची राहत नाही. ह्या ठिकाणी आमच्या कॅफेवाल्यांनी दहा मिनिटं भजी वाटली.

इंटरव्हल टाकायचंच होतं तर जागा तयार आहे की. थोडं पुढे, तासाच्या आसपास, तिरंदाजीची स्पर्धा. हा सापळा शेरीफच्या डोक्यातून निघालेला, जो बाकी पूर्ण पिक्चरभर घाबरट आणि गमत्या माणूस आहे. बक्षीस सोन्याचा बाण, आणि तो मॅरियनच्या हस्ते. पोरं सांगतात जाऊ नकोस, हा जातोच, वेषांतर करून, समोरच्याने बरोब्बर मध्यात मारलेला बाण आपल्या बाणाने उभा चिरतो, आणि पकडला जातो. मॅरियन वर बसून हे सगळं बघतेय आणि काही करू शकत नाहीये. इथे लाइट लावा ना! आख्खी गच्ची खुर्चीत रुतून बसली असती आणि भजी दुप्पट खपली असती.

आणि मजा म्हणजे ह्या अटकेच्या अलीकडे सगळी सूत्रं रॉबिनच्या हातात आहेत, पलीकडे मॅरियनच्या. फाशीतून सोडवायचा बेत तिचा. ती गुपचूप दारूच्या गुत्त्यावर जाऊन रॉबिनच्या माणसांना गाठते, त्यांच्यातला साधू फ्रायर टक आधी तिच्याकडून शपथ घेतो, मग ऐकतो. पुढे जॉन रिचर्डच्या खुनाची सुपारी देतो तेव्हा ते ऐकते ती, चिठ्ठी लिहिते ती, पकडली जाऊन भर दरबारात मृत्यूची शिक्षा ऐकून घेते तीच. रॉबिनकडे उरतं काय, तर घोडा, दोर आणि तलवार. तेही तो झकास करतो, फाशीच्या तिथून निसटताना शहराच्या वेशीवर दरवाजाचा दोर कापतो, दरवाजा खाली आणि हा दोराला धरून सरसर वर. भाचा खुर्चीवरच उभा राहिला. काकांनी तिसऱ्यांदा वळून बघितलं.

पहिल्या अर्ध्यातली भरती मला थोडी लांबलेली वाटते, म्हणजे एकेक गडी गोळा करायचा, प्रत्येकाशी आधी भांडण मग दोस्ती. लिटल जॉन (प्रिन्स जॉन नव्हे, हा टोळीतला दांडगा गडी) ओंडक्यावर आडवा येतो, काठ्यांची मारामारी, आणि रॉबिन पाण्यात, अगदी आपल्या रंगपंचमीच्या रहाडीतला, रंगाच्या हौदातला, धप्पा. मग फ्रायर टक, पुन्हा ओढा, पुन्हा पाणी. एका धप्प्यात भागलं असतं. (लिटल जॉन झालेला ॲलन हेल हा १९२२ च्या मूकपटात डग्लस फेअरबँक्सबरोबरही लिटल जॉनच होता. ह्या फेअरबँक्सवरून आपल्या मास्टर विठ्ठलना भारताचे डग्लस फेअरबँक्स म्हणायचे, 'आलम आरा'चे नायक ते, आणि मूकपटांत त्यांची ख्याती तलवारबाजीचीच.)

पण एक धागा असा विणलाय की लिहिणाऱ्याला नमस्कार. सुरुवातीलाच मच नावाचा एक गरीब, बुटका, गिरणीवाल्याचा पोरगा भुकेपोटी राजाचं हरीण मारतो, त्याला मरणाची शिक्षा, सर गाय त्याला पकडतो आणि रॉबिन सोडवतो. मग तेच हरीण खांद्यावर टाकून हा एकटा दरबारात घुसतो आणि जॉनच्या पुढ्यात टेबलावर आदळतो, तिथून सगळी लढाई पेटते. आपण म्हणतो झालं, मचचं काम संपलं. तो नंतर फक्त हसवायला, मॅरियनच्या दाई बेसबरोबर त्याचं जमतं, दोघंही वयाने बऱ्यापैकी पिकलेले. आणि शेवटी मॅरियनची चिठ्ठी पकडली गेल्यावर राजाला वाचवतं कोण, तर बेस मचला निरोप देते आणि मच एकटा रात्री त्या मारेकऱ्याला गाठून संपवतो. हरीण चोरणारा राजाचा जीव वाचवतो! हे कोणी बोलून दाखवत नाही, संगीत वाजवून सांगत नाही, तुमचं लक्ष असेल तर कळतं. आमच्या एकांकिकांत असल्या ठिकाणी पात्र पुढे येऊन प्रेक्षकांना समजावतं.

रिचर्ड परत येतो तो भाग मला पूर्वी पाहिला तेव्हाही ढिला वाटला आणि आताही. राजा वेष बदलून गुत्त्यात बसलाय आणि नेमका तिथेच जॉनच्या बाजूचा बिशप (मोठा पाद्री), त्याने नेमकं ओळखायचं, नेमकं जॉनला जाऊन सांगायचं. गोष्ट पुढे ढकलायला कोणीतरी गाडीला धक्का मारतंय हे दिसतं. शूटिंगच्या मध्येच दिग्दर्शक बदलला होता, विल्यम कीलीच्या जागी मायकल कर्टिझ आला, पण हा दोष लिखाणातलाच म्हणायचा.

शेवट मात्र पैसे वसूल. पहिल्यांदा रॉबिन त्या वाड्यात एकटा, तोंड न लपवता, हरीण खांद्यावर घेऊन आला होता, आता तोच वाडा, जॉनचा राज्याभिषेक, आणि हा येतो संन्याशांच्या डोक्यावरून ओढलेल्या झग्यांत, राजासकट सगळी फौज घेऊन, तेही त्याच बिशपच्या मागून. मग गायबरोबर ते द्वंद्व, जिन्यावरून, खांबांमागून, आणि मध्येच दोघं फ्रेमच्या बाहेर जातात आणि खांबावर फक्त त्यांच्या मोठाल्या सावल्या लढताना दिसतात. सर गाय झालेला बॅसिल रॅथबोन खऱ्या आयुष्यात फ्लिनपेक्षा कितीतरी चांगला तलवारबाज होता, आणि दर वेळी हरायचं ह्यानेच, बिचारा. सावल्यांच्या वेळी गच्चीवर कोणी भजीचा आवाजही केला नाही. खाली रस्त्यावरून एक वरात गेली बँजो वाजवत, तीसुद्धा त्या क्षणी शोभून गेली.

तर जा, नक्की जा, पण उजव्या बाजूच्या खुर्च्या धरा, तिकडे कोरफड नाही. चहा पाणचट आहे, भजी चांगली, मिरची वेगळी मागा. निघताना मी काउंटरवरच्या पोराला इंटरव्हलचं सगळं समजावलं, तो म्हणाला, 'ताई, आम्ही घड्याळ बघून थांबवतो हो, पंचेचाळीस मिनिटं झाली की.' मग त्यानेच बिलाच्या मागे लिहून घेतलं, 'बाण चिरला, पकडला, लाइट', आणि कागद प्रोजेक्टरला चिकटपट्टीने लावून टाकला. येत्या रविवारी हाच पिक्चर परत आहे, भाचा म्हणतोय पुन्हा जाऊ.