टीम रेडिओ ‘लाईव्ह’ म्हणे: एका सीझनच्या वापरानंतर

एफ-वन, म्हणजे फॉर्म्युला वन मोटार रेस, दाखवणाऱ्या अ‍ॅपचे पुढच्या वर्षाचे पैसे खात्यातून आपोआप कापले जातील असा मेसेज आलाय, म्हणून आज लिहायला बसलो. पिक्चर क्वालिटी, मल्टिव्ह्यू, किती डिव्हाइसवर चालतं, हे सगळं तुम्हांला ठाऊकच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पावसाळ्यात फोंड्यात फायबर टिकला तर अ‍ॅप पण टिकतं. मी वार्षिक प्लॅन घेतला तो फक्त एका गोष्टीसाठी: टीम रेडिओ, म्हणजे रेस चालू असताना ड्रायव्हर आणि त्याचा इंजिनिअर काय बोलतात ते ऐकायला. नुसत्या रेससाठी मी एवढे पैसे मोजणारा माणूस नव्हे, घरात विचारा.

आधी बीपचं. २०२५ च्या मार्चमध्ये मेलबर्नच्या पावसातल्या रेसला मी या बीपवर भयंकर चिडलो होतो. शिवी झाकायला माझी हरकत नाही, पण बीप शिवीच्या आधीचा आणि नंतरचा शब्दही गिळतो. ड्रायव्हर वैतागून टायरबद्दल काहीतरी सांगतो, त्यातलं ‘पुढचा डावा’ वगैरे जे ऐकायचं तेच जातं. जुलैत इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोनला तर आमच्या आईने दोनदा आत येऊन इन्व्हर्टर बघितला. तिकडे पाऊस, इकडे पाऊस, लाईट येऊन-जाऊन, आणि टीव्हीवर टीं टीं. ‘अरे, बॅटरी संपत आली वाटतं.’ तिला कसं सांगणार की बॅटरी ठीक आहे, तो माणूस शिव्या देतोय?

पण हळूहळू माझा राग निवळला. एकतर सात वर्षांचा भाचा शेजारी बसून बघायला लागला. दुसरं म्हणजे या प्रकरणात एफआयएने, म्हणजे या रेसचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, स्वतःच इतका गोंधळ घातलाय की अ‍ॅपला काय बोलणार! २०२४ च्या सप्टेंबरात सिंगापूरला ड्रायव्हर व्हर्स्टापेनने पत्रकार परिषदेत आपल्याच गाडीला एक अपशब्द वापरला, त्याची शिक्षा म्हणून त्याला समाजसेवा करावी लागली, ती त्याने डिसेंबरात रवांडात केली. २०२५ च्या जानेवारीत अशा गैरवर्तनासाठी दंडाचा तक्ता आला, एफ-वनच्या ड्रायव्हरला पहिल्याच चुकीला ४०,००० युरो. फेब्रुवारीत स्वीडनच्या रॅलीत रॅली ड्रायव्हर फूर्मोला दंड बसला तो स्टेज (रॅलीचा एक टप्पा) संपल्यावरच्या मुलाखतीतल्या शब्दासाठी. मग मे महिन्यात मूळ दंड निम्म्यावर आणला, आणि पत्रकार परिषदेतलं बोलणं वेगळं, ट्रॅकवर भरात तोंडातून गेलेलं वेगळं, हे मान्य केलं. एवढी साधी गोष्ट आमच्या मार्केटातली मासेवालीसुद्धा पहिल्या दिवशी सांगेल. उलट बाजूही आहेच. ड्रायव्हर त्सुनोडाने २०२४ ला ऑस्ट्रियात रेडिओवर जो शब्द वापरला, तो अपंगांचा अपमान करणारा होता. त्याचा ४०,००० युरोचा दंड, निम्मा स्थगित असला तरी, मला रास्त वाटला. तेव्हा बीप राहू दे.

खरी कात्री बीपची नाहीच, हे मला ऑनबोर्ड चॅनल (एकाच ड्रायव्हरच्या गाडीतला कॅमेरा आणि त्याचा रेडिओ) सापडल्यावर कळलं. मुख्य फीडवर सगळ्या ड्रायव्हरांतल्या कुणाचा तरी चार-पाच सेकंदांचा तुकडा लावतात, तो कुठला लावायचा हे दुसरंच कुणी ठरवतं. त्यामुळे वाटतं की हे लोक सतत भांडतच असतात. एकाच ड्रायव्हरचा ऑनबोर्ड लावून बसा, मग खरी मजा. ब्रेकचं तापमान, मागच्याचं अंतर, ‘कॉपी’ (म्हणजे ‘ऐकलं’), मग लांबलचक शांतता. मायामीची रेस आपल्याकडे रात्री दीडला सुरू झाली, दुसऱ्या दिवशी ऑफिस, तरी मी फेरारीच्या हॅमिल्टनबरोबर जागा राहिलो. फेरारीवाले निर्णय घेईनात तेव्हा तो म्हणाला, निर्णय घेताय तोवर चहापण घेऊन टाका. हा तुकडा सगळ्यांनीच ऐकला. पण त्याच्या आधीची आणि नंतरची ती अवघडलेली शांतता ऐकायला मिळते ती ऑनबोर्डवरच. त्या रात्री मला वाटलं, पैसे वसूल.

आणि इथेच माझं डोकं फिरतं. कारण हा रेडिओ चित्राच्या मागे चालतो.

स्ट्रीमिंगला उशीर होतो हे मला मान्य आहे. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात, प्लेअर त्यातले दोन-तीन हाताशी जमले की मगच चालू होतो, त्यामुळे अर्धा मिनिट मागे असणं काही नवल नाही. दुबईतला मेव्हणा डिशवर बघतो आणि मला आधीच ‘गेला रे गेला’ असं पाठवतो, त्याचा ग्रुप मी म्यूट केलाय. पण सगळंच सारखं मागे असेल तर कळणारही नाही! इथे टायमिंगचा तक्ता (कोण कितव्या नंबरवर ते दाखवणारा) सगळ्यांत पुढे, चित्र त्याच्या मागे, आणि रेडिओ चित्राच्याही मागे. आमच्या जत्रेतल्या नाटकात प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी ऐकू येतो, त्याला आपण हसतो. इथे नट आधी मरून पडतो आणि मग संवाद येतो.

इटलीतल्या मॉन्झाच्या रेसचंच घ्या. मॅक्लारेन टीमच्या नॉरिसचा पिटस्टॉप (टायर बदलायला थांबणं) लांबला, आधी पिट झालेला त्याच टीमचा पियास्त्री त्याच्या पुढे आला, आणि मॅक्लारेनने पियास्त्रीला जागा परत द्यायला सांगितली. पिटस्टॉप लांबणं हा रेसिंगचाच भाग असं आपलं ठरलं होतं, मग आता काय बदललं, असं पियास्त्रीने विचारलं. अख्ख्या संध्याकाळचा जीव त्या एका प्रश्नात होता. माझ्या फोनवर तक्त्यात आधी ४ (नॉरिस) आणि ८१ (पियास्त्री) ची अदलाबदल झाली, मग ८१ सावकाश झालेला दिसला, मला वाटलं इंजिन गेलं, आणि मग हा प्रश्न ऐकू आला. तो देईल की नाही, ही धाकधूक ऐकायलाच तर मी पैसे भरतो! उत्तर आधी कळल्यावर प्रश्न ऐकून काय करू?

सपोर्टला लिहिलं. कॅशे क्लिअर करा. केली. अ‍ॅप काढून परत टाका. टाकलं. नेटचा स्पीड पाठवा. पाठवला. मग उत्तर आलं की ‘ऑडिओ मूळ पुरवठादाराकडून येतो’, आणि तक्रार ‘सोडवली’ म्हणून बंद. अमेरिकेत नॅस्कार या तिथल्या मोटार रेसला प्रेक्षक ट्रॅकवर भाड्याने स्कॅनर घेतात आणि कुणाचंही बोलणं कापाकापीशिवाय जागच्या जागी ऐकतात. एफ-वनचा रेडिओ एन्क्रिप्टेड, त्यामुळे तो मार्ग बंद. समोरच्या टीमला ऐकू येतं, मला मात्र जे पाठवतील ते, पाठवतील तेव्हा.

ज्यांनी घेतलंय त्यांच्यासाठी उपाय: टायमिंगचा तक्ता झाका, आणि मोठ्या टीव्हीवरचं मुख्य फीड पॉज करून ऑनबोर्डच्या रेडिओच्या मागे आणा. सेफ्टी कार (सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) आली की मी परत जुळवून घेतो. पैसे देऊन वर हा उद्योग.

ऑटो-रिन्यूअल बंद केलंय. मार्चमध्ये महिन्याचं पॅक घेऊन मेलबर्न बघेन. रेडिओ तोंडाशी जुळला तर वर्षाचं घेईन, नाहीतर मेव्हण्याचा ग्रुप अनम्यूट करीन, तो फुकट आहे.