‘मॅच्ड’ म्हणून दिलेली जोडी

बाबांच्या जुन्या अँप्लिफायरसाठी लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून ईएल८४ व्हॉल्व्हची, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांची, ‘मॅच्ड’ (सारखाच करंट घेणारी) जोडी घेतली. काचेच्या माथ्यावरचा चंदेरी लेप चकचकीत होता. पांढरा पडला असता तर आत हवा शिरलीय म्हणून काउंटरवरच परत केली असती. घरी मीटर लावला, तर एकातून ३८ मिलिअँपिअर, दुसऱ्यातून २९! दोघांची सॉकेट अदलाबदल केली, फरक व्हॉल्व्हबरोबरच गेला, म्हणजे दोष व्हॉल्व्हचाच. पुश-पुलमध्ये, म्हणजे दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने काम वाटून घेतात त्या जोडणीत, एवढी तफावत म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर ताण आणि खर्ज गढूळ. दुकानदार म्हणे, “साहेब, चालतंय की!” दोन फेऱ्या मारल्यावर बदलून मिळाली. तिथलाच ईसीसी८३, म्हणजे सुरुवातीचा बारीक सिग्नल वाढवणारा व्हॉल्व्ह, मात्र झकास. पेन्सिलीने टिचकी मारली, स्पीकरमधून टण्ण नाही, म्हणजे धक्क्याने वाजणारा नाही. तेवढा घ्यायला पुन्हा जाईन, मीटर खिशात घेऊन.