कुंपणाला कुंती लावावी की अंजनी?

अंगणाच्या कडेला बारीक, चकचकीत पानांचं फुलझाड हवं म्हटलं की आपल्या बेळगावात कुंतीचंच (कामिनीचं) नाव आधी निघतं. अंजनी जांबोटी-कणकुंबीच्या रानात भेटते, घराच्या अंगणात क्वचितच. माझ्याकडे दोन्ही आहेत, म्हणून लिहितो.

वासात कुंतीला तोड नाही. सरी पडून गेल्यावर ती बहरली की संध्याकाळी सगळी आळी दरवळते. अंजनीकडे तसा वास नाही. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं नसलेल्या जुन्या पेरांवरसुद्धा निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके दाटतात आणि दिवसभर मधमाश्यांचा गुंजारव चालतो. तो निळा रंग दुसऱ्या कुठल्या कुंपणावर मी पाहिलेला नाही.

माझं मन फिरलं ते कात्रीमुळे. आपल्याकडच्या पावसात कुंती भराभर फुटते. छाटली नाही तर फाटकाची वाट अडते, आणि छाटली तर पुढचा बहर जातो, कारण तिचे घोस बहुतेक कोवळ्या फुटीच्या शेंड्यावरच येतात. कळ्या धरायच्या सुमाराला कुंपण नेमकं बेढब झालेलं असतं. दर पावसाळ्यात हीच ओढाताण. अंजनी जुन्या लाकडावरही फुलते, शिवाय सावकाश वाढते. बाहेरची फूट कापली तरी आतल्या फांद्यांचा बहर शाबूत राहतो.

हा सावकाशपणाच काहींना नको असेल, तेही समजू शकतो. लवकर आडोसा हवा असेल तर कुंतीच बरी. निपाणी-अथणीकडच्या काळ्या जमिनीत अंजनीची खात्री मी देणार नाही. रानात ती जांभ्याच्या, पाणी न साठणाऱ्या जमिनीत सुखी दिसते. मात्र जवळ लिंबू-मोसंबीची बाग असेल तर कुंती टाळा. सिट्रस सायला ही कीड तिच्यावर पोसली जाते आणि हीच कीड लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग रोग पसरवते.

ओळख पटवून घेतल्याशिवाय रोप घेऊ नका. कुंतीचं पान संयुक्त असतं, म्हणजे एकाच देठावर अनेक छोटी पानं (पर्णिका) असतात. पर्णिका चुरगळली की लिंबाच्या जातीचा वास येतो, उजेडात धरली तर तेलाचे बारीक ठिपके दिसतात. अंजनीची पानं साधी, समोरासमोर, जाड आणि चामड्यासारखी. मधली शीर ठळक, बाजूच्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत, आणि चुरगळल्यावर तसा वासही येत नाही. रोपवाटिकेत कधी अंजन या वृक्षाचं रोप पुढे येतं. त्याच्या पानात दोनच पर्णिका जोडीने असतात, एवढं पाहिलं तरी पुरे. सगळ्यांत पक्कं म्हणजे मेमेसायलॉन अम्बेलाटम असं शास्त्रीय नाव सांगून मागणं.

रानातून रोप उपटून आणू नये. राखीव जंगलात तो गुन्हा आहे, आणि अंजनीला मुळं दुखावलेली सोसतही नाहीत. कुणाच्या परड्यात झाड असेल तर खाली पडलेली काळी-जांभळी पिकली फळं मागून घ्या, गर धुऊन बी ताजं असतानाच पिशवीत पेरा. उगवायला वेळ लागतो, पिशवी लगेच रिकामी करू नका. रोप पहिली काही वर्षं अर्ध्या सावलीत ठेवा आणि मृगाच्या पावसात जमिनीत लावा.