बारावी कॉम्प्युटर सायन्सचा क्लास (सोलापूर, सात रस्त्याजवळ): आमच्या पोरीचा अनुभव

पोरगी बारावी सायन्सला होती, बायफोकल (म्हणजे व्यावसायिक विषय) कॉम्प्युटर सायन्स घेतलेलं. हा विषय घ्यावा का असं बरेच पालक विचारतात म्हणून लिहितोय. विषय २०० मार्कांचा, दोन पेपर ५०-५० चे आणि दोन प्रॅक्टिकल ५०-५० ची, म्हणजे निम्मे मार्क हाताने करून दाखवायचे. आणि कॉलेजात ८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या सरावाच्या किटला हात लावायला मिळाला वर्षात चार-पाच वेळा, जर्नल सगळ्यांनी एकमेकांचं बघून उतरवलं. तेव्हा हा क्लास लावला.

क्लास म्हणजे पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, सहा किट, एका किटवर दोन मुलं. सर आधी कागदावर प्रोग्रॅम लिहायला लावतात, मग तक्त्यात बघून प्रत्येक ओळीचा कोड काढायचा, मग किटवर एकेक आकडा दाबायचा. पहिल्या आठवड्यात पोरीने दोन आकड्यांची बेरीज केली, उत्तर मेमरीतल्या सी०५० या पत्त्यावर ठेवायचं होतं, तिने ३२ (उत्तर साठवायचा कोड) दाबून पुढे सी०, ५० असं टाकलं. सी०५० उघडून बघितलं तर तिथं भलतंच काहीतरी. सरांनी सांगितलं नाही बरं का, अर्धा तास शोधू दिलं, मग तिलाच कळलं की पत्त्याचा खालचा भाग आधी टाकायचा, ५० आणि मग सी०. घरी आल्यावर जेवता जेवता मला समजावून सांगत होती.

मी चादरीच्या कारखान्यात जेकॉर्डवर, म्हणजे भोकांच्या कार्डावर नक्षी विणणाऱ्या मागावर, काम केलंय. एकदा फी भरायला गेलो तेव्हा सर पोरांना म्हणत होते, कार्डाला भोक असलं की ताण्याचा (उभा) धागा वर उचलला जातो, नसलं की खालीच राहतो, मशीनचं शून्य आणि एक पण तसंच. मला लई बरं वाटलं ओ ते ऐकून, आपलं काम पोरांच्या पुस्तकात बसतं म्हणून.

सी प्लस प्लस पण चांगलं घेतात, बबल सॉर्ट (शेजारच्या दोघांची अदलाबदल करत क्रम लावायची रीत) तर पोरांना उंचीप्रमाणे उभं करून शिकवला. पण एचटीएमएल शेवटच्या पंधरा दिवसात उरकलं आणि नेटवर्किंगच्या फक्त नोट्स दिल्या, ते बरोबर नाही वाटलं. वर पत्रा आहे, एप्रिलमध्ये बसवत नाही. बॅच संध्याकाळी ७ ते ८.३०, आम्ही जुळे सोलापूरला, तेव्हा रोज शिफ्ट संपली की मी गाडी घेऊन न्यायला.

आणखी एक, सीईटीत हा विषय नसतो आणि आमच्या कॉलेजात याच्यासाठी बायोलॉजी सोडावी लागली, डॉक्टरकीचा विचार असेल तर अकरावीलाच नीट विचारून घ्या. फी १२ हजार, दोन हप्त्यात. धाकट्याला पण इथंच घालणार आहे, फक्त सकाळची बॅच सुरू करा म्हणून सरांना सांगून आलोय.