शंभराचा स्टॅम्प

आकडा आधीच सांगून टाकते. 1,31,499 रुपये. तीन हप्त्यांत गेले आणि माझ्याच बोटाने गेले. आणि मी रहस्यकथा लिहिते. हसा, हसून घ्या. घरी हसून झालंय, पोलीस ठाण्यात तर दोन वेळा.

प्रकार नवा नाही. तुमच्या कादंबरीवर वेबसिरीज काढतोय, अ‍ॅडव्हान्स सहा लाख, फक्त त्याआधी एवढी छोटी फी भरा. मलाही माहीत होता हो. पण मी कुणाला ओटीपी दिला नाही, कुठल्या लिंकवर बोट ठेवलं नाही. एमटीएनएलमध्ये एकतीस वर्षं काढली, जानेवारी 2020 मध्ये व्हीआरएस घेतली. फोनवरचा आवाज ऐकून माणूस ओळखता येतो असं मी मैत्रिणींना सांगायचे. निर्माता म्हणवणारा हा आवाज मात्र म्हणाला, “ताई, तुमचं पुस्तक मी एका रात्रीत संपवलं.”

लिहिणाऱ्या माणसाला हे वाक्य काय करतं ते सांगते. त्या कादंबरीची आवृत्ती 500 प्रतींची. किंमत 280 रुपये, रॉयल्टी दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे 28. साडेतीन वर्षांत 340 प्रती खपल्या, 9,520 रुपये हातात आले. प्रकाशकांनी ते वेळेवर दिले, तक्रार नाही. पण त्या 340 जणांपैकी मला ओळखून बोललेले किती? अकरा. त्यातल्या चार माझ्या नणंदा. माझे वडील बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकासाठी सर्क्युलेटिंग लायब्ररीत नंबर लावायचे. त्या माणसाने हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या आणि दर वेळी पुढच्या पुस्तकाची वाट बघणारं कुणी ना कुणी होतं. आमच्या वेळेला ती रांग उठून गेली. मग कुणी “एका रात्रीत” म्हटलं की पाघळणारच माणूस. पाघळले.

11 फेब्रुवारी 2025 ला ‘लेखक नोंदणी’चे 4,999 भरले. ते भरण्याआधी मी त्याला प्रत्यक्ष भेटले होते, हे मुद्दाम सांगते, कारण “फोनवर कसा विश्वास ठेवलास” हे मला पंचवीस जणांनी विचारलंय. वर्सोव्याला, आरामनगरमध्ये. तिथल्या बैठ्या घरांतून ऑडिशनं चालतात, ऑफिसं आहेत, पोरं हातात फोटो घेऊन रांगेत उभी असतात. एका फाटकातून हा बाहेर आला. पांढरा लिननचा शर्ट, गळ्यात कसलंसं ओळखपत्र. “आत शूट चाललंय, इथेच बसू” म्हणाला आणि आम्ही टपरीवर बसलो. आत मी पाऊल टाकलं नाही. फाटकातून बाहेर येतो तो त्या घराचाच असतो, असं माझ्या कथेतला शिकाऊ हवालदारसुद्धा धरून चालत नाही.

चहा पिताना तो म्हणाला, शेवटी इन्स्पेक्टर गच्चीवर खुन्याला पकडतो तो सीन तर काय एक नंबर.

माझा इन्स्पेक्टर पान 183 वर मरतो. खुनी सापडतच नाही. गच्ची फक्त मलपृष्ठावरच्या मजकुरात आहे, तीसुद्धा खप वाढेल म्हणून घातलेली. म्हणजे त्याने पुस्तक उलटं करून पाठ वाचली होती, बास. आणि मी काय विचार केला असेन? पडद्यासाठी शेवट बदलणार असतील बिचारे! तिथून उठून घरी यायला हवं होतं. वडापाव खाऊन लोकल पकडली असती तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

14 तारखेला ‘टायटल क्लिअरन्स आणि कॉपीराइट’चे 18,500. इथे तर मला फटकेच मारायला हवेत. साहित्यकृतीची कॉपीराइट नोंदणी 500 रुपयांत होते, आणि नोंदणी केली नाही तरी लिहिल्या क्षणापासून हक्क लेखकाचाच असतो. पुस्तकाचा ओळखक्रमांक, म्हणजे आयएसबीएन, सरकार फुकट देतं. मी हे नवोदितांच्या कार्यशाळेत फळ्यावर लिहून दाखवलंय. त्याने ‘अर्जंट’ म्हटलं आणि मी फळा पुसला.

मग करारनामा आला, पीडीएफ. शंभराचा स्टॅम्प, तारीख 12 फेब्रुवारी 2025. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात करारनामा पाचशेच्या खाली चालत नाही. आमच्या सोसायटीच्या लिफ्टवाल्याचा करार करायला पाचशेचा स्टॅम्प मीच आणला होता, शंभरचा का नाही म्हणून विक्रेत्याशी हुज्जत घालून. त्याहून पुढचं ऐका. माझ्या तिसऱ्या कादंबरीत वकिलाचा खून उघडकीला येतो तो स्टॅम्पपेपरच्या पाठीवरून. विक्रेत्याचा शिक्का, खरेदी करणाऱ्याचं नाव, अनुक्रमांक. त्यासाठी बनावट स्टॅम्पच्या तेलगी प्रकरणाची कात्रणं दोन वर्षं जमवली होती, ती फाइल अजून माळ्यावर आहे. आणि माझ्याच कराराची मागची बाजू त्यांनी स्कॅन केलेली नव्हती, ती मी मागितलीसुद्धा नाही. त्यांचा अकाउंटवाला गबाळा दिसतोय असं वाटलं, एवढंच. हक्क ‘कायमचे आणि जगभर’ लिहून घेतले होते, त्यावरही सही ठोकली. मुदत लिहिलीच नसती तर कायद्याने ती पाच वर्षं धरली जाते. म्हणून मुदतीची ओळ आधी शोधा, पैशांची नंतर.

19 तारखेला शेवटचा दणका. सहा लाखांवर 18 टक्के जीएसटी, 1,08,000, “आधी भरा, अ‍ॅडव्हान्ससोबत परत मिळेल”. पैसे देणारा माणूस टीडीएस कापून देतो, उलट आपल्याकडून कर उकळत नाही, हे कुणी सांगायची गरज नव्हती. ह्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते, म्हणूनच विचारलं नाही. एफडी मोडली.

त्याचा फोन बंद झाला तरी मी नऊ दिवस, आईचं ऑपरेशन आहे या त्याच्या थापेवर विश्वास ठेवून होते. पैसे गेल्यावर लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा, म्हणजे पुढच्या खात्यात गोठवता तरी येतात. मी नवव्या दिवशी केला. तोवर खातं रिकामं.

आता पोलीस. ठाण्याचं नाव घेत नाही. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी “टपरी वर्सोव्याला ना, मग तिकडे जा”. तिकडे गेले तर “राहता कुठे? मग तिथेच”. झिरो एफआयआर हद्द न बघता घेता येतो, कायद्यातच आहे, असं म्हटल्यावर उत्तर आलं, “काकू, तुम्ही कादंबरीतलं सांगू नका.” बँक म्हणे एफआयआर आणा, ठाणं म्हणे बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणा. शिक्का मारणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर. हे मी रचत नाहीये, मला एवढं सुचत नाही. सायबरवाल्यांनी माझ्या मोबाइलमधल्या संभाषणाचे फोटो मागितले, मी 64 पानं छापून नेली, तर “पेनड्राइव्हमध्ये द्या”. पेनड्राइव्ह नेला तर संगणकाला व्हायरस लागेल म्हणून घेतला नाही. एका हवालदाराने मात्र खुर्ची दिली, चहा मागवला, अर्धा तास शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “मॅडम, माझ्याकडे पण एक स्टोरी आहे. लिहाल का?”

सांगायचं ते सांगते, राग आलाय तोवर. लेखकाकडून पैसे मागणारा निर्माता नसतो, मग तो कितीही कमी मागो. पुस्तक वाचलंय म्हणणाऱ्याला मधल्या पानावरचं विचारा. आपल्या प्रकाशकाला आधी फोन करा, मी नाही केला, कारण त्यांना हिस्सा द्यावा लागेल असं मनात आलं होतं. हो, हेही होतं. अंधेरीला स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, तिच्या सदस्यांपैकी कुणी ओळखीचं असेल तर करार त्यांना दाखवा. आणि घरातल्या माणसापासून लपवावासा वाटला तो व्यवहार तिथेच थांबवा.

ह्यांनी कालनिर्णयच्या मागे हिशोब मांडलाय: 28 रुपयांनी 4,697 प्रती विकल्या की पैसे वसूल. कॅलेंडर मी अजून उलटं टांगलेलं नाही.

सतरा दिवसांनी तक्रार अर्जाची पोच मिळाली. एफआयआर नव्हे, अर्जाची. त्यात रक्कम बरोबर, तारखा बरोबर. व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’. मी म्हटलं, लेखिका लिहा, सगळं प्रकरणच त्यावरून झालंय. तो म्हणाला, सिस्टिममध्ये तसा पर्याय नाही. दुरुस्तीचा अर्ज दिलाय. त्याची पोच अजून मिळालेली नाही.