सिडनी हार्बर ब्रिजची चढाई: पैसे कुठं वसूल होतात, कुठं नाही

मुलाबाळांकडं सिडनीला निघालेल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींच्या यादीत 'ब्रिजक्लाइंब', म्हणजे या पुलाच्या कमानीवरची चढाई, हमखास असतं. नाव ऐकून दोराला लोंबकळत लोखंडावर चढायचं, असं वाटतं. तसं काही नाही. पूर्ण चढाईच्या 1332 पायऱ्या आहेत, पण त्या साडेतीन तासांत विभागलेल्या. बेळगावजवळचा राजहंसगड किल्ला न थांबता चढणाऱ्याला इथं दम लागायचा नाही. अडचण वेगळीच आहे.

पहिला बराच वेळ खालीच, कंबरलँड स्ट्रीटवरच्या केंद्रात जातो. तोंडाला नळी लावून दारूची तपासणी होते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली तर परत पाठवतात. मग अंगातल्या कपड्यांवरच एक सलग झबला-पँट चढवायची. साडी त्यात बसत नाही, सलवार किंवा पँटच हवी. पायात रबरी तळाचे बंद बूट. कोल्हापुरी चालत नाही. मोबाईल, घड्याळ, नाणी, सुटे दागिने सगळं लॉकरमध्ये, आणि शिवाय मेटल डिटेक्टरची फेरी. खाली आठ लेनचा रस्ता आणि रेल्वे चालू असते, वरून किल्ली निसटली तर कुणाचं डोकं फुटेल. चष्म्याला दोरी, रुमालसुद्धा मनगटाला बांधलेला. वर स्वच्छतागृह नाही, तेव्हा चहा बेतानंच.

कमरेच्या पट्ट्याला एक लोखंडी सरक, म्हणजे सरकणारी कडी, असते. ती पोलादी तारेवर बसवतात आणि शेवटपर्यंत तिथून सुटत नाही. तारेला जिथं टेकू आहेत तिथं ती अडते, कारण माणूस पुढं गेलेला असतो आणि पट्टा तिरका ताणलेला. हिसका देऊ नये. अर्धं पाऊल मागं यायचं, पट्टा सैल करायचा आणि सरक हातानं सरळ पुढं ढकलायची.

घाबरणारे शिखरावर घाबरत नाहीत, सुरुवातीलाच घाबरतात. रस्त्याच्या खालून अरुंद जाळीची वाट जाते. पायाखालचं आरपार दिसतं आणि तुळयांखाली मान वाकवावी लागते. त्यानंतर उभ्या शिड्या, एका वेळी एकानंच चढायच्या. शेजारून लोकल गेली की शिडी थरथरते. एकदा कमानीवर पोचलं की उतार सौम्य आणि पायऱ्या ऐसपैस. समुद्रसपाटीपासून 134 मीटरवर माथा. तिथून पलीकडच्या कमानीवर जाऊन खाली उतरायचं.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्री नाहीतर मशिनशॉपमध्ये आयुष्य काढलेल्यांना खरी मजा इथंच आहे. 1932 साली खुल्या झालेल्या या पुलाला सुमारे 60 लाख रिव्हेट (पोलाद जोडणारे जाड खिळे) आहेत, सगळ्यात मोठा साडेतीन किलोचा. त्यांची डोकी हाताच्या अंतरावरून बघायला मिळतात. 503 मीटरची कमान पायथ्याशी बिजागरीवर टेकलेली आहे, कारण उन्हानं पोलाद फुगलं की माथा 18 सेंटिमीटरपर्यंत वर-खाली होतो. टोकांचे दगडी मनोरे भार घेत नाहीत, निव्वळ शोभेचे आहेत.

उणं काय? गाईडचं बोलणं हेडफोनमधून, भरभर ऑस्ट्रेलियन इंग्रजीत. वयस्करांना निम्मं कळत नाही. फोटो त्यानंच काढायचे आणि तुम्ही नंतर विकत घ्यायचे, हे जरा जास्तच झालं. दर माणशी साधारण 300 ते 400 ऑस्ट्रेलियन डॉलर, वेळेप्रमाणं बदलतो, संध्याकाळचा महाग. सकाळचा घ्यावा, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, तिकडं तेव्हा उन्हाळा असतो. पाऊस आला म्हणून चढाई रद्द होत नाही, विजा किंवा जोराचं वादळ असेल तरच थांबवतात. आठ वर्षांखालच्या पोरांना प्रवेश नाही, उंचीही निदान 1.2 मीटर लागते.

नुसता देखावाच बघायचा असेल तर आग्नेयेकडच्या मनोऱ्यावर जा. 200 पायऱ्या, 87 मीटर उंची, तिकीट कितीतरी स्वस्त आणि मोबाईल हातात. पुलाच्या पूर्वेकडच्या फुटपाथवरून चालत जायला तर एक पैसाही लागत नाही.