घरातलं फ्लाइट सिम्युलेटर : काही महिने उडवल्यावर

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि एक्स-प्लेन १२, विमान उडवण्याचे हे संगणकावरचे दोन्ही प्रोग्राम (सिम) गेले बरेच महिने नियमित वापरतोय. विमान जवळजवळ नेहमी एकच, सेसना १७२ हे छोटं, एका इंजिनाचं विमान. हौस एवढीच की खुर्चीत बसल्यावर आपण विमानात बसलोय असं वाटावं. त्यासाठी एकेक वस्तू जोडत गेलो, काही टिकल्या, काही काढून टाकल्या. आता माझं मत पक्कं झालंय : पडद्यावरचं चित्र कितीही देखणं असो, हात, पाय आणि कान त्याच्याशी जुळले नाहीत तर उडण्याचा भास होत नाही. त्यामुळे ग्राफिक्स कार्डाची चर्चा मी शेवटाकडे ठेवतोय.

सगळ्यात मोठा फरक पडला तो रडर पेडल्समुळे, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पायांच्या पेडल्समुळे. जॉयस्टिक पिळूनही रडर देता येतो, पण मनगट पिळताना स्टिक नकळत आडवी सरकते आणि पंख कलतो. पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची पूर्ण ताकद) दिला की सेसना डावीकडे ओढ घेते, उजवा पाय दाबून तिला मध्यरेषेवर ठेवावं लागतं. पेडल्स आल्यावर काही आठवड्यांत हे आपोआप व्हायला लागलं. आडव्या वाऱ्यातलं लँडिंग तर पेडल्सशिवाय धड शिकताच येत नाही. वाऱ्याकडचा पंख किंचित खाली, विरुद्ध बाजूचा पाय दाबलेला आणि नाक धावपट्टीच्या रेषेत. हात आणि पाय एकमेकांविरुद्ध काम करत असताना विमान सरळ उतरतं, तो आनंद वेगळाच.

पण पेडल्स घेतलीत की लगेच एक अडचण उभी राहते. चाकांच्या खुर्चीत बसून पेडलवरचा ब्रेक दाबला की विमान थांबण्याऐवजी खुर्चीच मागे जाते. खुर्चीच्या चाकांखाली वाट्या ठेवून पाहिल्या, त्या गुळगुळीत फरशीवर सरकतात. शेवटी एका लांब प्लायवूडच्या फळीवर पुढे पेडल्स स्क्रूने बसवली आणि मागे बिनचाकांची खुर्ची ठेवली. पाय दाबताना पाठ मागच्या टेक्याला रेटली जाते आणि जोर पुरेपूर पेडलवर उतरतो. पेडल्स घेताना आतला सेन्सर कोणता हे विचाराच. माझ्या पहिल्या स्वस्त जोडीत पोटेन्शिओमीटर (घासत फिरणारे सेन्सर) होते; काही महिन्यांत पाय स्थिर असतानाही रडर थरथरायला लागला. आताच्या जोडीत चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर आहेत. त्यांत घासणारा भागच नसल्यामुळे ती तक्रार उरलेली नाही.

योक, म्हणजे विमानाचं हातात धरायचं सुकाणू, माझ्याकडे हनीकोंब अल्फा आहे. तो एकूण १८० अंश फिरतो, म्हणजे दोन्ही बाजूंना ९० अंश, त्यामुळे छोटी दुरुस्ती खरंच छोटी करता येते. मात्र टेबलावर लावला की तो छातीशी येतो. कीबोर्डच्या खालच्या फळीवर घेतल्यावर हात मांडीजवळ टेकतो आणि दोन बोटांनी विमान धरता येतं. ट्रिमसाठी (योक सतत धरून न ठेवता विमानाचं नाक हव्या त्या पातळीत राहावं म्हणून करायच्या जुळणीसाठी) योकवरच्या बटणापेक्षा स्वतंत्र चाक लावा, असं मी आग्रहाने सांगेन. खऱ्या विमानात ट्रिम बरोबर बसला की हातावरचा ताण जातो आणि योक आहे तिथेच राहतो. स्प्रिंगच्या योकला मध्य एकच. म्हणून ट्रिमचं चाक फिरवत योक हळूहळू मध्याकडे सैल सोडायचा, ही वेगळी सवय लावून घ्यावी लागते. यावर खरा उपाय फोर्स फीडबॅकचा, म्हणजे मोटरने हाताला खरा जोर देणारा योक हाच, कारण त्यात वेग वाढला की योक जडही होतो. माझ्याकडे तो अजून नाही.

नजरेचं सांगायचं तर नवा मॉनिटर घेण्याआधी फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे सिम पडद्यावर किती अंशांचं दृश्य दाखवतं तो कोन, नीट करा. २७ इंची पडदा साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो. तेवढ्याच अंतरावर डोळे असतील तर पडदा आपल्या नजरेतला जेमतेम ५३ अंशांचा कोन व्यापतो. सिममध्ये त्याहून बराच जास्त कोन ठेवला की डायल बारीक दिसतात, धावपट्टी दूर भासते आणि फ्लेअर (टेकण्याआधी नाक किंचित उचलणं) नेमका कधी करायचा याचा अंदाज चुकतो. पण कोन खराखुरा ठेवला की बाजूची खिडकी दिसेनाशी होते. तिथे हेड ट्रॅकिंग, म्हणजे डोकं वळवलं की सिममधलं दृश्यही वळवणारी सोय, कामी येतं. त्यासाठीचं ट्रॅकआयआर हे उपकरण उत्तम आहेच, पण ओपनट्रॅक हा मोफत प्रोग्राम साध्या वेबकॅमवरही बऱ्यापैकी चालतो. डोकं जवळजवळ सरळ असताना, मधल्या काही अंशांत, दृश्याची हालचाल कमी ठेवा, नाहीतर श्वासाबरोबर कॉकपिट डुलतं. सर्किटमध्ये (विमानतळाभोवतीच्या फेरीत) बेस लेगला, म्हणजे धावपट्टीकडे वळण्याआधीच्या आडव्या टप्प्याला, वळताना मान वळवून धावपट्टी शोधणं हे स्टिक-योकवरच्या नजर फिरवण्याच्या बटणाने (हॅट स्विचने) होत नाही.

व्हीआर (डोळ्यांवर लावायचा आभासी वास्तवाचा हेडसेट) मी काही आठवडे वापरला. उंची-खोलीचा अंदाज त्यात अफाट येतो, जमीन किती खाली आहे हे पोटात कळतं. पण समोरचे खरे स्विच आणि कागदावरची चेकलिस्ट दिसत नाही, म्हणून मी पडद्याकडे परतलो.

आवाजाकडे आणि अंगाला जाणवणाऱ्या हालचालीकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. १९२९ मध्ये एडविन लिंक यांनी पहिला लिंक ट्रेनर, म्हणजे वैमानिकांना जमिनीवर शिकवणारं यंत्र, बांधला, तेव्हा चित्र नावाचा प्रकारच नव्हता. ऑर्गन बनवणाऱ्या घरातल्या या माणसाने वाद्यातलेच भाते वापरून डबा हलवला, आणि पुढे झाकण बंद करून नुसत्या उपकरणांवर उडायला असंख्य वैमानिक त्यात शिकले. मी खुर्चीच्या बैठकीखाली एक बेस शेकर (खोल आवाजाचं कंपन करणारं यंत्र) बसवलाय. चार सिलिंडरचं इंजिन २४०० आरपीएमवर सेकंदाला ८० वेळा पेटतं, आयडलला (इंजिन नुसतं मंद चालू असताना) साधारण २७ वेळा. शेकरला हे दोन्ही झेपतात, त्यामुळे थ्रॉटल ओढला की फरक अंगाला कळतो. फळीखाली रबरचे जाड तुकडे घाला, नाहीतर खालच्या मजल्यालाही विमान ऐकू जाईल. कानावर बंद हेडसेट हवा. रात्रीच्या उड्डाणाला खोलीतला दिवा घालवून पडद्याचा उजेड कमी करा; यात खर्च काहीच नाही, आणि धावपट्टीचे दिवे एकदम खरे वाटायला लागतात.

ग्राफिक्सबद्दल थोडक्यात : सेकंदाला ३० फ्रेमवर स्थिर चालणारं सिम हे ६० आणि ३५ मध्ये हेलकावे खाणाऱ्या सिमपेक्षा कितीतरी खरं वाटतं. फ्रेम बांधून टाका, ढगांचा दर्जा चांगला ठेवा, विमानतळावरची गर्दी कमी करा.

चेकलिस्ट छापून मांडीवर घ्या आणि गाळू नका. १७२एस या आवृत्तीत रन-अप (उड्डाणाआधीची इंजिनाची तपासणी) १८०० आरपीएमवर करतात. ठिणगी देणाऱ्या दोन मॅग्नेटोंपैकी कुठल्याही एकावर चालवताना आरपीएमची घट १५० पेक्षा जास्त नको, दोन्हींतला फरक ५० च्या आत हवा. हे सुईकडे डोळे लावून तपासायला लागल्यापासून इंजिन ही माझ्यासाठी जिवंत गोष्ट झाली. फायनलला (धावपट्टीच्या रेषेत उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यात) ६५ नॉट ठेवले तर ग्राउंड स्पीडची (जमिनीच्या सापेक्ष वेगाची) पाचपट, म्हणजे मिनिटाला सुमारे ३२५ फूट उतरलं की तीन अंशांचा उतार जमतो. समोर वारा असेल तर आकडा तेवढा कमी.

शेवटची भर व्हॅटसिमची. २००१ पासून चालणाऱ्या या मोफत नेटवर्कवर पलीकडे खरी माणसं कंट्रोलर म्हणून बसलेली असतात. क्लिअरन्स (कंट्रोलरची परवानगी) ऐकायचा, लिहून घ्यायचा, जसाच्या तसा परत म्हणायचा आणि त्याच वेळी उंची सांभाळायची. इतका ताण कुठल्याच उपकरणाने आणला नव्हता. आधी थोडे दिवस ऑब्झर्व्हर म्हणून नुसतं ऐका, मग गर्दी नसलेल्या विमानतळावरून एक छोटं सर्किट मागा. नवखे आहात हे फ्लाइट प्लॅनच्या शेऱ्यात लिहिलंत तर कंट्रोलर सावकाश बोलतात.